देशी स्पिन कोटर दीड वर्ष वापरून झाल्यावर: पेरोव्स्काइटवाल्यांनी घ्यावा का?

आमच्या लॅबला स्पिन कोटर, म्हणजे काच फिरवून तिच्यावर द्रावणाचा पातळ थर देणारं मशीन, येऊन आता दीड वर्ष झालं, या दीड वर्षात त्यावर मी हजारभर तरी काचा फिरवल्या असतील, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. घ्यायच्या आधी मी खूप शोधलं होतं, कुणीतरी वापरून लिहिलेलं मिळेल म्हणून, पण सगळीकडे तेच ब्रोशर, कमाल आरपीएम (मिनिटाला फेरे) १०,०००, टचस्क्रीन, वीस प्रोग्रॅम सेव्ह होतात, बॉडी स्टीलची. सोलर सेलसाठी पेरोव्स्काइटचे थर करणाऱ्या माणसाला जे खरं विचारायचं असतं ते कुठेच नव्हतं. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण खाली एक मोठी तक्रार आहे, आणि तसलाच घोळ या किमतीच्या दुसऱ्या कुठल्या मशीनमध्येही निघू शकतो, तेव्हा नाव बघून नाही तर तपासून घ्या. मशीन भारतातच बनलेलं, टॅक्स धरून पावणेदोन लाखाच्या आसपास, सोबत ऑइल-फ्री पंप. आम्ही कोल्हापूरकडचं एक साधं कॉलेज, तीन कोटेशन मागवून त्यातलं सगळ्यात स्वस्त घ्यायचं हा नियम, त्यामुळे बाहेरचं सहा-सात लाखाचं मशीन हा विषयच नव्हता.

ज्यांना हे मशीन माहीत नाही त्यांच्यासाठी. मोठ्या मिक्सरएवढी पेटी, वर वाडग्यासारखा खोलगट भाग, मधोमध एक चकती, तिला चक म्हणतात. चकला मध्ये भोक असतं, खालून पंप हवा ओढतो आणि काच घट्ट चिकटून बसते. पिपेटने काचेवर थेंब टाकायचे, बटण दाबायचं, काच मिनिटाला चार हजार फेरे घेते, जादाचं द्रावण उडून जातं आणि काचेवर अर्धा मायक्रॉनच्या आसपास थर राहतो. मी एकदा हिशोब घातला होता, आम्ही अडीच सेंटिमीटरच्या चौकोनी काचेवर ५० मायक्रोलिटर टाकतो, त्यात साधारण ४० मिलिग्रॅम पेरोव्स्काइटचा माल असतो आणि काचेवर शेवटी राहतो फक्त सव्वा मिलिग्रॅम. बाकी सगळं वाडग्यात. ते शिसं असतं हे लक्षात ठेवा, त्यावर पुढे लिहिलंय.

आता पेरोव्स्काइटच का, तर हे मूळ एका खनिजाचं नाव, १८३९ मध्ये उरल पर्वतात सापडलेलं, आणि तशी रचना असलेल्या सगळ्याच पदार्थांना आता तेच म्हणतात. सोलर सेलमधल्या पेरोव्स्काइटमध्ये शिसं, आयोडीन आणि मिथाइल अमोनियमसारखा एक सेंद्रिय भाग असतो. २००९ मध्ये जपानात मियासाका यांच्या ग्रुपने पहिल्यांदा यापासून सेल केला तेव्हा एफिशियन्सी, म्हणजे पडलेल्या उजेडातला विजेत बदलणारा भाग, ३.८ टक्के होती, आज लॅबमधले छोटे सेल २६ च्या पुढे गेलेत, आणि सिलिकॉनवर पेरोव्स्काइट चढवून केलेल्या टँडेम सेलने २०२४ मध्ये ३४.६ टक्के गाठले, ते चीनच्या लाँगी कंपनीने. सिलिकॉनला हजार डिग्रीच्या वरच्या भट्ट्या लागतात आणि इथे बाटलीतलं पिवळं द्रावण आणि १०० डिग्रीची हॉट प्लेट, म्हणून तर आमच्यासारख्या कॉलेजात हे काम होऊ शकतं. पण एक अट असते, क्रिस्टल नीट बसले पाहिजेत. बसले तर आरशासारखी काळी फिल्म येते, नाही बसले तर करडी, धुरकट, मध्ये बारीक भोकं असलेली फिल्म, आणि त्या भोकांतून वरचा थर खालच्या थराला टेकतो की सेल शॉर्ट.

हे क्रिस्टलचं प्रकरण मला कळलं ते पेपर वाचून नाही तर मामांच्या गुऱ्हाळावर. आमच्याकडे काहिलीत उसाचा रस उकळत असतो, भेंडीचा रस घालून मळी काढतात, आणि मग शेवटची काही मिनिटं सगळं गुळव्याच्या हातात. तो चुलवाणातला जाळ कमी करायला सांगतो, पाकाचा थेंब पाण्यात टाकून बोटांनी वळून बघतो, आणि एका क्षणी म्हणतो, उतरवा. ते जरा आधी झालं तर गूळ पातळ राहतो, ढेप धरत नाही, जरा उशीर झाला तर गूळ करपट काळा. मग वाफ्यात ओतल्यावर घोटायचं, आणि घोटतात कसं त्यावर रवा कसा येणार ते ठरतं. साजूक तूपसुद्धा बघा, कढवून हळू गार होऊ दिलं तर कणीदार, फ्रीजमध्ये टाकलं तर गुळगुळीत गोळा. माल तोच, तापमान आणि वेळ वेगळी.

पेरोव्स्काइटमध्ये तो उतरवा म्हणायचा क्षण स्पिन कोटरवर येतो आणि तो पाच-सात सेकंदांचाच असतो. होतं काय, काच फिरायला लागली की आधी द्रावण पातळ पसरतं, मग सॉल्व्हंट, म्हणजे ज्यात माल विरघळवलाय तो द्रव, उडायला लागतो, द्रावण दाट दाट होत जातं, आणि एका टप्प्यावर इतकं दाट होतं की त्यात आता विरघळून राहणं शक्यच नाही, तिथे बारीक बारीक बिया तयार होतात ज्यांच्यावर पुढे क्रिस्टल वाढतात. आपण काहीच केलं नाही तर थोड्याच बिया येतात आणि त्या वाटेल तशा लांब सुयांसारख्या, झाडाच्या फांद्यांसारख्या वाढत सुटतात, मध्ये सगळी मोकळी काच. त्यावर २०१४ मध्ये कोरियातल्या सांग इल सोक यांच्या ग्रुपने उपाय काढला, फिरत्या फिल्मवर नेमक्या वेळी टोल्युइन सोडायचं. टोल्युइनमध्ये पेरोव्स्काइट विरघळत नाही, पण ते सॉल्व्हंटला ओढून नेतं, म्हणजे एका क्षणात सगळीकडे एकदम दाटपणा आणि सगळीकडे एकदम बिया, कोट्यवधी. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या मोनॅशच्या ग्रुपने क्लोरोबेन्झीन टाकून तेच दाखवलं. याला आम्ही सगळे अँटीसॉल्व्हंट म्हणतो, आणि लॅबमध्ये नुसतं ड्रिप. सोबत द्रावणात थोडं डीएमएसओ नावाचं दुसरं सॉल्व्हंट असतं, ते लेड आयोडाइडला (शिसं आणि आयोडीनचा कच्चा माल) धरून ठेवतं त्यामुळे बिया आल्या तरी क्रिस्टल लगेच धावत सुटत नाही, मधली एक अवस्था तयार होते, आणि मग हॉट प्लेटवर डीएमएसओ हळूहळू निघून गेलं की दाणे एकमेकांना चिकटून वाढतात. बिया झटकन आणि वाढ सावकाश, हे दोन्ही वेगवेगळे सांभाळायचे असतात, आणि हे कळल्याशिवाय मशीनचा रिव्ह्यू वाचून काही उपयोग नाही म्हणून इतकं लिहिलं.

आता तक्रार. मशीन आलं, बसवलं, आम्ही १.३ मोलर द्रावण, सॉल्व्हंट डीएमएफ चार भाग डीएमएसओ एक भाग, ४००० आरपीएम ३० सेकंद, आठव्या सेकंदाला १५० मायक्रोलिटर अँटीसॉल्व्हंट, मग १०० डिग्रीवर दहा मिनिटं, असं सुरू केलं. फिल्म धुरकट. कडेला पांढुरकी रिंग. दहा काचांतली एखादी बरी. आम्ही लेड आयोडाइड बदललं, जास्त शुद्धतेचं मागवलं, त्याचे पैसे वेगळे. मग काच धुण्याची पद्धत बदलली, साबण, पाणी, ॲसिटोन, आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), मग यूव्ही ओझोन. ड्रिपची वेळ सहा, सात, आठ, दहा, बारा सगळं करून बघितलं. दोन महिने गेले. माझी ज्युनियर रोज संध्याकाळी त्या धुरकट काचा डब्यात ठेवताना गप्प असायची, मला तिच्याकडे बघवत नव्हतं, कारण तिचा हात चुकत नव्हता हे मला दिसत होतं आणि तरी मी तिलाच सांगत होते की परत कर, जरा हात स्थिर ठेव.

मग आमचा एक सिनियर, कोरियात पोस्टडॉक करतो, त्याला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. कोल्हापूरकडची बरीच मुलं थिन फिल्मवर पीएचडी करून तिकडे जातात, त्यामुळे असं कुणीतरी असतंच. त्याने फिल्म बघितलीच नाही, त्याने विचारलं, मशीन चालू करताना फोन जवळ धर, मला आवाज ऐकू दे. मी धरला. तो म्हणाला, अगं आवाज चढतोच आहे अजून, चढतोच आहे, किती वेळ लागतोय याला वर जायला. तेव्हा पहिल्यांदा आम्ही घड्याळ लावून मोजलं. शून्यापासून ४००० ला पोचायला सात सेकंद! आणि स्क्रीनवरचा टायमर सुरू कधी होतो, तर ४००० झाल्यावर. म्हणजे आम्ही स्क्रीनवर आठ बघून ड्रिप करत होतो तेव्हा काच खरं तर पंधरा सेकंद फिरलेली असायची, द्रावणात क्रिस्टल आधीच धरलेले असायचे आणि आम्ही त्यावर अँटीसॉल्व्हंट ओतत होतो. उतरवा म्हणायची वेळ टळून गेल्यावर काहील उतरवल्यासारखं. सहा, सात, आठ, दहा, बारा सगळं करून बघितलं म्हटलं ना, पण खरी वेळ स्क्रीनवर एक-दोन दिसत असतानाच निघून जात होती, तिथे आम्ही कधी गेलोच नाही.

आणि त्यातही रोज सात नाही, कधी सहा, कधी आठ. मोबाईलवर स्लो मोशन लावून, चकवर मार्करने एक रेघ मारून, फ्रेम मोजून बघितलं तेव्हा हा फरक दिसला. ब्रोशरमध्ये कमाल आरपीएम ठळक अक्षरात, आणि वेग किती सेकंदात गाठतं याचा उल्लेख नाही. मॅन्युअलमध्ये शेवटच्या पानावर एक ओळ होती की रॅम्प, म्हणजे वेग चढण्याचा दर, फॅक्टरी सेटिंगप्रमाणे. अशा मशीनवर फोटोरेझिस्ट किंवा सोल-जेल असले दुसरे थर करणाऱ्याला सात सेकंदांनी फारसं बिघडत नसेल, त्यामुळे कंपनीने मुद्दाम लपवलं असं मी म्हणणार नाही. पण आम्ही पेरोव्स्काइटसाठी घेतोय हे ऑर्डरच्या वेळी लेखी सांगितलं होतं, आणि तेव्हा कुणीतरी हे विचारायला हवं होतं, दोन महिने आणि एका मुलीचा आत्मविश्वास त्यात गेला, हे मला आजही लागतं.

सर्व्हिसबद्दल मात्र चांगलं लिहायलाच हवं. मेल केला तर आठवडाभर उत्तर नाही, पण फोन केल्यावर जो इंजिनिअर आला तो फार मनापासून काम करणारा निघाला. त्याने आधी सगळं ऐकून घेतलं, आमच्या काचा उजेडात धरून बघितल्या, विचारलं की ताई नेमकं कधी थेंब टाकता, मला करून दाखवा. माझ्या ज्युनियरने करून दाखवलं. मग त्याने लॅपटॉप जोडून रॅम्पची मर्यादा वाढवली, सेकंदाला २००० आरपीएम केली, म्हणजे ४००० ला दोन सेकंद, आणि टायमर चक हलल्यापासूनच सुरू होईल असा पर्याय चालू केला, तो पर्याय आत होताच, फक्त बंद होता. पैसे घेतले नाहीत. जाताना ऑप्टिकल टॅकोमीटरने वेग तपासून दिला, स्क्रीनवर ४००० आणि प्रत्यक्षात ३९७० च्या आसपास, हे उत्तम आहे.

त्याच दुपारी तिने पहिली काच केली. सुरुवातीला पिवळसर पारदर्शक, सातव्या सेकंदापर्यंत तशीच, आठव्याला तिने ड्रिप केलं आणि फिल्म एकदम फिक्या तपकिरी रंगाची झाली, कुठे ढग नाही, रिंग नाही. हॉट प्लेटवर ठेवल्यावर मधूनच रंग गडद व्हायला लागला आणि अर्ध्या मिनिटात काळीशार. तिने चिमट्याने उचलून तिरकी धरली तर वरची ट्यूबलाइट सरळ रेषेत दिसत होती त्यात, अगदी कडेपर्यंत. ती काच आम्ही सेल न करता तशीच ठेवलीय. नंतर एसइएमला (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघायला) पाठवलेल्या फिल्ममध्ये दाणे एकमेकांना खेटून, भोकं नाहीत, आणि सेलची एफिशियन्सी आधी सहा ते नऊ कुठेही असायची ती आता बारा ते चौदाच्या मध्ये असते. जगाच्या मानाने हे कमी आहे हे माहीत आहे, पण आमच्यासाठी महत्त्वाचं हे की सोमवारची काच आणि गुरुवारची काच सारखी येते.

आता बाकीचं मशीन. झाकण ॲक्रिलिकचं आहे आणि ही चुकीची निवड आहे. डीएमएफ, क्लोरोबेन्झीन, इथाइल ॲसिटेट, पेरोव्स्काइटमध्ये रोज लागणाऱ्या यातल्या कशालाच ॲक्रिलिक टिकत नाही. पहिल्या महिन्यात ड्रिपच्या भोकाभोवती पांढऱ्या बारीक भेगा, तिसऱ्या महिन्यात आतून इतकं दुधाळ की काच दिसेना, आणि ड्रिप करताना फिल्मचा रंग बघणं हेच तर सगळं काम आहे. कंपनीचं नवीन झाकण महाग पडत होतं, मग आम्ही गावातल्या काचवाल्याकडून जाड काच गोल कापून, मध्ये बोटभर भोक पाडून घेतली, कडेला सिलिकॉनची पट्टी, ती आजपर्यंत जशीच्या तशी आहे. वाडगं मात्र पॉलिप्रॉपिलिनचं आहे, त्याला काही झालेलं नाही. ऑर्डर देताना झाकण काचेचंच मागा. आणि भोक बरोबर मध्यावर आहे ना ते बघा, आमच्या मूळ झाकणाचं चार-पाच मिलिमीटर सरकलेलं होतं, त्यामुळे थेंब मध्यावर पडायचा नाही आणि एका बाजूला पंख्यासारख्या रेषा यायच्या.

व्हॅक्यूम चांगला आहे. पकड कमी झाली तर मशीन सुरूच होत नाही, ही सोय फार मोलाची, कारण चार हजार फेऱ्यांवर काच सुटली तर ती शिशाचं द्रावण घेऊन सुटते. चकवरचा ओ-रिंग, म्हणजे रबरी कडं, मात्र सॉल्व्हंटने फुगतो, चार-पाच महिन्यांत बदलायला लागतो, सुरुवातीलाच दोन-तीन जास्त मागून घ्या, नंतर कुरिअरचे पैसे ओ-रिंगपेक्षा जास्त होतात. प्लास्टिकच्या लवचिक शीटवर काम करणार असाल तर एक सांगते, व्हॅक्यूमने शीट मध्ये किंचित खोल ओढली जाते आणि फिल्ममध्ये बरोबर भोकाएवढा गोल डाग येतो. आम्ही शीट आधी जाड काचेवर चिकटवून मग ती काच चकवर ठेवतो.

पावसाळा हा आमच्याकडचा मोठा प्रश्न. जुलै-ऑगस्टला लॅबमधला आर्द्रता मीटर ८५-९० च्या खाली येत नाही, आणि पाणी तर या फिल्मचा शत्रू, ड्रिप झाल्या झाल्या हवेतली वाफ फिल्मवर बसली की धुरकट. चांगला ग्लव्हबॉक्स, म्हणजे कोरड्या वायूची बंद पेटी, आमच्या ऐपतीत नाही, म्हणून आम्ही स्पिन कोटर एका मोठ्या ॲक्रिलिकच्या बॉक्समध्ये ठेवलाय, आत सिलिका जेल, बाहेरून नायट्रोजन. या बाबतीत मशीनची एक गोष्ट मला फार आवडली, फिरणारा भाग आणि कंट्रोल पॅनल वेगळे आहेत, मध्ये दीड मीटरची केबल, त्यामुळे बॉक्समध्ये फक्त छोटा भाग जातो आणि स्क्रीन बाहेर कोरडी राहते. वाडग्याला नायट्रोजनचं नोझलही दिलंय. क्लोरोबेन्झीन सोडून इथाइल ॲसिटेटवर आम्ही आलो तेही पावसामुळेच, ते फिल्मवर येणाऱ्या ओलाव्याला स्वतःकडे घेतं आणि माणसालाही त्यामानाने कमी त्रासाचं आहे.

अँटीसॉल्व्हंटशिवायचे मार्गही आहेत आणि ते या मशीनवर करता येतात का हे बऱ्याच जणांना हवं असेल. आपल्या शिवाजी विद्यापीठात थिन फिल्मवर काम करून गेलेले सावंता माळी यांनी ग्वांगजूच्या चोन्नाम विद्यापीठात चांग कूक हाँग यांच्यासोबत फिरत्या फिल्मवर गरम हवा सोडून क्रिस्टल धरवायची पद्धत चांगली पुढे नेलीय, तीही उघड्या हवेत, सिझियमच्या पेरोव्स्काइटवर. आम्ही ती करून बघितली, हॉट एअर गन स्टँडला लावून. होते, पण झाकण काढूनच करावं लागतं आणि चकचं प्लास्टिक तापणार नाही याची काळजी घ्यावी लागते, गन फार जवळ आणली तर ओ-रिंग गेला म्हणून समजा. आणि तापलेल्या काचेवरच द्रावण टाकून फिरवायची हॉट-कास्टिंग पद्धत, ज्याने २०१५ मध्ये अमेरिकेत लॉस अलामॉसला आदित्य मोहिते यांच्या ग्रुपने मिलिमीटरभर मोठे दाणे वाढवले होते, ती या मशीनवर नीट जमत नाही. चक गरम करायची सोय नाही, आणि गरम काच चकवर ठेवली की दोन सेकंदात गार होते.

काही बारीक गोष्टी. टचस्क्रीन दोन जोड ग्लव्हज घालून चालत नाही, पायाने दाबायचं पेडल जास्तीचं मिळतं ते नक्की घ्या, कारण ड्रिप करताना एक हात पिपेटला आणि दुसरा त्या हाताच्या मनगटाला आधार द्यायला लागतो. ठरलेल्या सेकंदाला बीप वाजवायची सोय आहे, ती फार उपयोगी, स्क्रीनकडे बघत बसलं की काचेकडे लक्ष राहत नाही. बीप एक सेकंद आधीची लावा, कारण ऐकून हात हलेपर्यंत तेवढा वेळ जातोच. लेव्हल बघायला बबल बाहेरून आणून ठेवायला लागला, मशीनसोबत नव्हता. यूपीएस हवाच. आमच्याकडे लाइट क्षणभर झपकन जाऊन येते, मशीन परत सुरू होतं पण तेवढ्यात वेग खाली गेलेला असतो, आणि ती काच वाया जाते.

आणि शिसं. वाडग्यात आतून ॲल्युमिनियम फॉइल लावायचं, रोज संध्याकाळी ते गुंडाळून वेगळ्या बंद डब्यात, बेसिनमध्ये एक थेंबही नाही. या मशीनच्या वाडग्याला खाली निचऱ्याची नळी आहे, ती थेट बाटलीत सोडा, बाटलीवर ठळक अक्षरात शिसं लिहा. साध्या पातळ ग्लव्हजमधून डीएमएफ पार होतं, त्वचेतून अंगात जातं आणि यकृताला त्रास देतं, त्यामुळे डीएमएफ सांडलं की ग्लव्हज ताबडतोब बदलायचे, नंतर बघू असं नाही. मशीनला एक्झॉस्ट जोडायचं तोंड आहे पण पाइप सोबत येत नाही, तो पहिल्याच दिवशी बसवून घ्या. आमच्याकडे येणाऱ्या एमएस्सीच्या मुलामुलींना मी हे मशीन चालवायला शिकवायच्या आधी हे शिकवते.

घ्यावा का, तर माझं उत्तर हो आहे, पण ऑर्डरमध्ये लिहून घ्या की शून्य ते ४००० दोन सेकंदात, टायमर पहिल्या फेऱ्यापासून, झाकण काचेचं, आणि डेमोच्या वेळी त्यांच्या माणसासमोर मोबाईलने मोजून मगच सही करा. एवढं केलं तर पावणेदोन लाखात हे मशीन पेरोव्स्काइटला पुरेसं आहे, दीड वर्षात मोटरने एकदाही त्रास दिलेला नाही. पूर्ण बंद ग्लव्हबॉक्समध्ये ठेवणार असाल तर आधी बाजूच्या चेंबरमधून मशीन आत जातंय का ते टेपने मोजा. मोठे मोड्यूल करायचे असतील तर मात्र स्पिन कोटर घेऊच नका, पाच सेंटिमीटरच्या पुढच्या काचेवर एका ड्रिपने सगळीकडे एकाच वेळी बिया आणणं फार अवघड, मध्य आणि कोपरा वेगळे दिसतात, आम्ही दहा सेंटिमीटरवर महिनाभर घालवून सोडून दिलं. त्यासाठी ब्लेड कोटिंग (पातीने द्रावण पसरणं) किंवा स्लॉट डाय (अरुंद फटीतून द्रावण सोडत थर देणं), आणि ड्रिपच्या जागी नायट्रोजनचा झोत. माल इतका वायाही जात नाही. जर्मनीत ब्रँडेनबर्गला ऑक्सफर्ड पीव्हीच्या कारखान्यातले टँडेम पॅनल २०२४ मध्ये पहिल्यांदा ग्राहकाकडे गेले, तेवढ्या मोठ्या आकारावर क्रिस्टल सगळीकडे सारखे धरवणं म्हणजे किती कष्टाचं काम असेल याची कल्पना एक काच फिरवून बघितलेल्यालाच येईल.

तुमच्या लॅबमध्ये कुठलाही स्पिन कोटर असेल तर आज एक करा, चकवर मार्करने रेघ मारा, फोन स्लो मोशनला लावा आणि ४००० ला पोचायला किती सेकंद लागतात ते मोजा, आणि टायमर कधी सुरू होतो तेही बघा. मग इथे मशीनची किंमत आणि ते सेकंद एवढंच लिहा, कंपनीचं नाव नसलं तरी चालेल. पुढच्या महिन्यात शेजारच्या एका कॉलेजला नवीन मशीन येतंय, तिथे जाऊन डेमोच्या दिवशी मोजायचं काम माझ्या ज्युनियरने स्वतःहून अंगावर घेतलंय.